फुटक्या सुराची शीळ

१

पक्षी बघायला निघालेली माणसं उजाडायच्या आत चौकात जमतात ती पक्ष्यांच्या ओढीने नव्हे, उशिरा येणाऱ्याला टोमणे मारता यावेत म्हणून, असं जितेंद्र म्हणायचा. म्हणून वंदना सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहिली. तसं तिला टोमणा मारायची कोणाची छाती नव्हती. ज्या बाईचा नवरा आपल्या सहलीतून परत आला नाही, ती बाई वर्षभराने त्याच सहलीला आली तर तिच्याशी काय बोलायचं, हे पक्ष्यांच्या कोणत्याच पुस्तकात दिलेलं नसतं. मंडळींनी मग तिला बिस्किटं दिली. एकाने दिली म्हणून दुसऱ्याने दिली, दुसऱ्याने दिली म्हणून तिसरी कशी मागे राहील? गाडीत बसेपर्यंत तिच्या पिशवीत छोटंसं किराणा दुकान झालं.

बोलावणं कृष्णकांत सरांचं होतं. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, क्लब त्यांनीच काढलेला. क्लबात सर म्हणतील तो पक्षी. सरांनी घुबडाला घार म्हटलं तर घुबडाने आपलं काय ते बघून घ्यावं.

"वंदनाताई, उमरेडच्या पुढे, त्याच जंगलात, जितेंद्रच्या नावाने पाणवठा बांधलाय आपण," ते फोनवर म्हणाले होते. "उन्हाळ्यात पाखरांना पाणी मिळेल. उद्घाटन तुमच्याच हातून."

जितेंद्र त्याच जंगलात एका उजाड विहिरीत पडला होता. गाव उठून दुसरीकडे गेलं, विहीर तेवढी मागे राहिली, तिला ना कठडा ना पायरी. दवाखान्याच्या दारात सरांनीच वंदनाला सांगितलं होतं, "पडल्या पडल्याच गेला हो. त्याला कळलंसुद्धा नसेल." कागदावर काय लिहिलंय ते वंदनाने वाचलंच नाही. ते वाक्य तिला पुरलं. वर्षभर ती त्याच वाक्यावर डोकं टेकून झोपली. आता ती जागा एकदा डोळ्यांनी बघावी, वाक्य खरं आहे अशी मनाची खात्री करावी आणि सुटावं, एवढ्यासाठी ती निघाली होती. पाणवठ्याचं तिला काही कौतुक नव्हतं.

पुढे मोठी ट्रॅव्हलर, मागे अंकुशची गाडी. अंकुशचं मोबाइलचं दुकान, तोंडाने भोळा, मनाने भित्रा. वंदना त्याच्या शेजारी बसली. मागच्या सीटवर सुरुची, दातांची डॉक्टर. जितेंद्रचा पुढचा एक दात पडलेला होता, तो बसवून देते म्हणून सुरुची त्याच्या मागे लागायची आणि तो म्हणायचा, "नको वं बाई, माझी शीळ बदलून जाईल."

ही शीळ म्हणजे क्लबचा नियम. रानात कोणी कोणाला नावाने हाका मारायच्या नाहीत, पाखरं उडतात. त्याऐवजी दोन सुरांची शीळ घालायची, पहिला सूर लांब, दुसरा वर चढणारा. ज्याला ऐकू येईल त्याने तशीच उलट घालायची. उत्तर दिल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. जितेंद्रचा दुसरा सूर पडक्या दातातून मध्येच फुटायचा. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत शिफ्ट संपवून आला की तो फाटकातूनच शीळ घाली, आणि वंदना चहाचं आधण ठेवी. हे तिचं उत्तर.

२

पहिला मुक्काम तलावाचा. पाण्यावर धूर तरंगावा तसं धुकं होतं आणि त्याच्याखाली बदकांचा बाजार भरला होता. चक्रवाक ओरडत होते, काठाच्या चिखलात शेकाट्या आपले लांब लाल पाय उचलून उचलून चालत होता. मंडळी दुर्बिणी डोळ्यांना लावून ओळीने उभी राहिली आणि लगेच भांडू लागली. एक म्हणे हा तुतवार, दुसरा म्हणे तो नव्हेच. वंदनाला हसू आलं. जितेंद्र घरी येऊन ही भांडणं नकलेसकट सांगायचा.

तेवढ्यात शीळ आली.

तलावाच्या पल्याड बेशरमाची झाडी होती, तिकडून आली. लांब सूर, मग चढणारा सूर, आणि तो मधोमध फुटला.

वंदनाचा हात आपोआप पदराकडे गेला. तिने ओळीकडे पाहिलं. सगळे इथेच होते. कोणाचेही ओठ हलले नव्हते. फोन असेल कोणाचा, ती मनाशी म्हणाली. जितेंद्रची शीळ कोणी हौसेने फोनमध्ये भरून ठेवली असेल. पाण्यावरून आवाज फसवतो, इथला तिथे वाटतो.

पण फोन असता तर कोणीतरी खिशात हात घातला असता. इथे कोणी हललंच नाही. एवढी बोलकी माणसं, तुतवारावरून कचाकचा भांडणारी, एकदम गप्प झाली आणि दुर्बिणीतून जे बघत होती तेच बघत राहिली. सरांची दुर्बीण झाडीकडे होती आणि ती कितीतरी वेळ तिथून हटली नाही.

शीळ पुन्हा आली. कोणीच उत्तर दिलं नाही.

"हे कोण घालून राहिलं?" वंदनाने विचारलं.

"भृंगराज असंल, ताई," अंकुश घाईने म्हणाला. "नकल्या पक्षी. आपल्या क्लबची शीळ शिकला न तो."

"भृंगराज? तलावावर?" सुरुचीच्या तोंडून निघून गेलं. मग तिने सरांकडे पाहिलं आणि पुढचे शब्द गिळून टाकले.

"चला," सर म्हणाले. "ऊन व्हायच्या आत माळ करायचाय."

रस्त्यात टपरीवर तर्री-पोहे झाले. एरवी या टपरीवर हे लोक तर्री मागून मागून मालकाला हैराण करत म्हणे. आज कोणी दुसऱ्यांदा मागितली नाही.

३

माळावर लपायला जागा नव्हती. मुरमाड जमीन, घोट्याएवढं पिवळं गवत, नजर जाईल तिथवर एक झाड नाही. लांब कुठेतरी एक पळस फुलला होता तोही रस्त्याच्या पलीकडे. चंडोल सरळ वर चढून गात होते. टिटवी वंदनालाच शिव्या देतेय अशी तिच्याभोवती घिरट्या घालत होती. वंदनाला बरं वाटलं. इथे कोणी शीळ घातली तर घालणारा दिसणारच.

तिने सुरुचीला गाठलं. "मले त्या नकल्याचं सांग न जरा."

सुरुची चालता चालता सांगू लागली. काळाकुळकुळीत पक्षी, डोक्यावर तुरा, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांचे गोंडे. दाट झाडीत राहतो. दुसऱ्या पाखरांचे आवाज काढतो, मांजराचा काढतो, माणसाची शीळही उचलतो. उमरेडच्या पुढच्या जंगलातल्या एका भृंगराजाने क्लबची शीळ अशी हुबेहूब उचलली होती की माणसं फसायची. उत्तर द्यावं तर तो आणखी चेवाने घालायचा, सकाळची दुपार व्हायची. शेवटी सरांनी सांगून टाकलं की या जंगलात शिळेला कोणी उत्तर द्यायचं नाही.

"एकदा ऐकली की येते त्याले?"

"नाही हो ताई. रोज रोज कानावर पडावं लागतं. नाहीतर मग..." सुरुची थांबली.

"नाहीतर काय?"

"नाहीतर खूप वेळ, सलग."

वंदना चालत राहिली. जितेंद्र क्लबात आला तेव्हा निवृत्तीला आला होता. तलाव झाला, माळ झाला, शेतं झाली. उमरेडच्या पुढच्या त्या जंगलात मात्र तो पहिल्यांदाच गेला, तेव्हाच तो विहिरीत पडला. मग तो पक्षी पडक्या दाताचा सूर शिकला केव्हा?

असा विचार डोक्यात आला की माणूस तो झटकून टाकतो. वंदनानेही झटकला. पक्षी पाच वेळा ऐकून शिकला असेल. जितेंद्रला रानात शीळ घालायची खोडच होती. गाडीतून उतरल्यापासून घातली असेल. असेल.

शीळ आली ती तिच्या पायाशी.

मागून नाही, पुढून नाही. खालून. गवताच्या बुडातून, मातीतून, एखाद्या हंड्यात तोंड घालून कोणी वाजवावी तशी घुमलेली. लांब सूर, चढता सूर, आणि मध्ये ती फूट. चंडोल वरच्या वर गप्प झाले. वंदनाने खाली पाहिलं. मुरूम होता, गवत होतं, एक मुंग्यांची रांग होती. तिने चपलेच्या टोकाने गवत बाजूला केलं आणि मग स्वतःचीच लाज वाटून पाय मागे घेतला. तिथे काय असणार?

सुरुचीचा चेहरा पांढराफटक पडला होता. दातांची डॉक्टर ती. कोणत्या दाताच्या जागेतून वारा सुटला की सूर असा फुटतो, हे तिच्याएवढं कोणाला कळणार होतं?

"ऐकलं न तू?" वंदना म्हणाली.

"वारा असेल," सुरुची म्हणाली. माळावर पानही हलत नव्हतं.

लांबून सरांनी हात वर करून सगळ्यांना बोलावलं. नियम असा की बोलवायचं तर शीळ घालायची. आज सर हात हलवत होते.

४

दुपारी एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधालगत, डबे उघडले. हरभऱ्याची काढणी चालू होती, बाभळीखाली सावली बरी होती. तारेवर वेडे राघू ओळीने बसले होते आणि बांधावर सातभाईंचं टोळकं एकमेकांवर खेकसत होतं. मंडळी पोळी-भाजी खाली मान घालून जेवत होती. वंदनाने आपला डबा उघडलाच नाही. अंकुश गाडीला टेकून एकटाच उभा होता, त्याच्यापाशी ती गेली.

"अंकुश, मले तुले एकच गोष्ट विचाराची आहे. खरं सांगशील?"

"सरायले विचारा न ताई."

"सर सांगून चुकले. मी तुले विचारून राहिली."

अंकुशने पाण्याची बाटली उघडली, प्यायला नाही, परत बंद केली. भित्र्या माणसाच्या पोटात गोष्ट वर्षभर राहिली की नासते. त्याला ती ओकायचीच होती, फक्त कोणी पाठीवर हात ठेवायची देर होती.

"आमी तिकडं चहा घेऊन राहिलो होतो," तो म्हणाला. "थर्मासातला. सागाखाली. जितेंद्रभाऊ जरा मागं राह्यले होते, नाचण पक्षी पाह्यत. मंग शीळ आली. उत्तर द्याचं नाही असं ठरलं होतं त्या जंगलात. सर म्हणाले, आला बघा आपला भृंगराज. आमी हासलो बी."

"मंग?"

"मंग पुन्हा आली. पुन्हा पुन्हा आली. मी म्हटलं, सर, हे भाऊची वाटते, सूर फुटून राहिला. तर सर म्हणाले, हीच तर मजा आहे, सकाळपासनं ऐकून त्यानं दातसुद्धा उचलला. सुरुचीनं रेकॉर्डिंग बी केलं. सर म्हणाले, असं कुठं झालं नसंल, आपण छापायले पाठवू."

वंदना त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुले समजलं होतं," ती म्हणाली.

"मले वाटलं होतं, ताई. पण सरायच्या समोर कोण बोलणार? पक्षी ओळखण्यात त्यायची कधी चूक नाही झाली." त्याचे डोळे भरून आले. "दोन गाड्या होत्या. आमाले वाटलं भाऊ त्या गाडीत, त्यायले वाटलं आमच्या गाडीत. उमरेडले जेवायले उतरलो तवा समजलं. परत गेलो तं..."

"तं गप झाली होती शीळ."

अंकुशने मान खाली घातली. वंदनाला त्याचा राग यायला हवा होता. तसा राग आला नाही, नुसती किळस आली. पाण्यात मेलेली पाल सापडावी आणि घोट आधीच घेऊन झालेला असावा, तशी.

तिच्या पाठीमागे, कापलेल्या हरभऱ्याच्या ढिगामागून शीळ आली. सातभाई उडाले. जेवणारी मंडळी घास हातात घेऊन तशीच थांबली, आणि मग, कोणी सांगितलं नसताना, सगळ्यांनी एकदमच चावायला सुरुवात केली.

५

कोणत्याही सागाच्या जंगलात शिरलो की उन्हाळ्याच्या तोंडी पानगळ पायाखाली पापडासारखी मोडते, जितेंद्र सांगायचा. तशीच मोडत होती. गाड्या वाटेवर ठेवून मंडळी आत चालत गेली. उठून गेलेल्या गावाच्या खुणा होत्या, एक जातं उलटं पडलेलं, एक तुळशीचा ओटा. आणि पुढे पाणवठा, सिमेंटची बशी, तिच्या काठावर जितेंद्रचं नाव. आणि बशीपासून हाकेच्या अंतरावर, विहीर.

आता तिच्यावर लोखंडी जाळी होती. जाळीला मधोमध एक झाकण, ते उघडं होतं. शेजारी दोर आणि बादली.

"पाणी कुठलं भरलं?" वंदनाने विचारलं.

कोणीतरी घसा खाकरला. सर म्हणाले, "जवळ दुसरं पाणी नाही, वंदनाताई. विहिरीतलं स्वच्छ आहे."

म्हणजे तो जिथे पडला तिथलंच पाणी शेंदून त्याच्या नावाच्या बशीत ओतलं होतं, आणि हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, किंवा आलं होतं तरी बशी भरणं महत्त्वाचं होतं. वंदनाने नारळ फोडला. त्याचं पाणी तिने बशीत टाकलं नाही, बाजूला मातीत टाकलं. सरांनी भाषण केलं. जितेंद्रचं पक्षिप्रेम, जितेंद्रचा दिलदार स्वभाव. शेवटी म्हणाले, "आणि एका परीने भाग्यवान, की रानातच, पाखरांच्या संगतीत, क्षणात गेला."

क्षणात. वर्षभर टेकू दिलेला तो शब्द वंदनाने ऐकला आणि तिला स्वतःचीच कीव आली. कशावर डोकं ठेवून झोपत होतो आपण?

टाळ्या वाजवाव्या की नाही या विचारात मंडळी होती, तेव्हा तो आला. सागाच्या उघड्या फांद्यांतून तरंगत, मागे दोन काळे गोंडे ओढत, भृंगराज आला आणि विहिरीच्या जाळीवर बसला. सगळ्यांनी सवयीने दुर्बिणी उचलल्या. सरांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रक्त आलं.

"हा बघा!" ते जवळजवळ ओरडले. "हा बघा, हाच तो! सकाळपासून उगाच तुम्ही लोक..."

शीळ आली. लांब सूर. चढता सूर. फूट.

वंदनाने दुर्बीण उचलली नव्हती. तिला ती नको होती, पक्षी दहा पावलांवर होता. त्याची चोच मिटलेली होती.

शीळ पुन्हा आली, आणि पक्ष्याने मान वाकडी करून खाली, जाळीतून आत पाहिलं. गळा हलला नाही, तुरा हलला नाही. शाळेत वर्गाच्या दाराशी उभं राहून पोर आतलं ऐकतं तसा तो ऐकत होता. जाळीखालून शीळ येत राहिली, एकीला लागून दुसरी, दमलेली, मध्येच श्वास घेणारी. पक्षी असा श्वास घेत नाही, हे वंदना मोठ्याने म्हणाली की नुसतं तिच्या मनात आलं, ते तिला पुढे आठवलं नाही.

मग जाळीवर आतून काहीतरी टेकलं. झाकणाच्या कडेशी, अंधारात, ओलं आणि फिकट. बोटं म्हणावीत तर बोटं, बुरशी म्हणावी तर बुरशी. भृंगराज किंचाळला, स्वतःच्या आवाजात, आणि उडून गेला. परत बघितलं तर कडेवर नुसतं पाणी होतं.

मंडळी वाटेकडे चालू लागली होती. कोणी कोणाला चला म्हटलं नव्हतं.

६

"किती वेळ?" वंदनाने सरांना विचारलं. दोघंच उरले होते. ऊन सागांच्या बुंध्यांवर आडवं आलं होतं.

"काय किती वेळ?"

"किती वेळ शीळ घालत होते ते?"

सरांनी चष्मा काढून पुसला. मोठी माणसं खोटं बोलताना चष्मा पुसतात आणि खरं बोलतानाही. "चहा होईपर्यंत," ते म्हणाले. "चहा, मग थोडं रेकॉर्डिंग." जरा थांबले. "आम्ही निघालो तेव्हाही चालूच होती."

वंदनाने विहिरीच्या उघड्या झाकणाकडे पाहिलं.

"त्या पक्ष्याची नक्कल तुम्ही ऐकलेली नाही, ताई. कोणीही फसलं असतं. माझ्या जागी कोणीही." आवाज चढला. "आणि तुम्हाला खरं सांगून काय मिळालं असतं? तुम्हाला बरं वाटावं म्हणूनच बोललो ना मी? झोप लागली ना तुम्हाला?"

"लागली," वंदना म्हणाली.

"मग?"

विहिरीतून शीळ आली. सरांचं तोंड वाकडं झालं. वर्षभर हा माणूसही ऐकत असेल, वंदनाच्या मनात आलं, घरी, बाथरूमच्या नळातून, बेसिनच्या जाळीखालून. त्याने पाणवठा बांधला तो काही पाखरांसाठी नाही, ही शीळ थांबावी म्हणून. त्याची दया येईल असं तिला क्षणभर वाटलं. आली नाही.

"पक्षी आहे," सर म्हणाले. "दुसरा असेल, जोडी असते. आत घरटं केलं असेल त्याने. दाखवतो तुम्हाला." त्यांनी लांबून वाटेवरच्या ट्रॅव्हलरला हात केला, तुम्ही व्हा पुढे, मी मागच्या गाडीने येतो. ट्रॅव्हलर निघाली. मग ते जाळीवर गुडघे टेकून, झाकणाच्या भोकातून आत वाकले. आधी डोकं, मग खांदे. ओळखण्यात ज्याची कधी चूक झाली नाही असा माणूस खात्री करून घेत होता.

"ताई, बॅटरी द्या जरा," आतून त्यांचा आवाज घुमला. "काहीतरी आहे इथे. काहीतरी..."

वंदना वळली आणि चालू लागली. पायाखाली पानं मोडत होती. मागे जाळी एकदा खणखणली. तिने मागे पाहिलं तेव्हा झाकण उघडंच होतं आणि जाळीवर सरांचा चष्मा होता, आणि दुसरं काही नव्हतं. भृंगराज परत येऊन फांदीवर बसला होता.

अंकुश गाडीत बसला होता, सुरुची मागे. "सर कुठी आहेत, ताई?"

"ट्रॅव्हलरमंधी बसले," वंदना म्हणाली आणि दार लावून घेतलं.

अंकुशने किल्ली फिरवायला हात नेला आणि शीळ आली. लांब सूर. मग चढता सूर, आणि तो फुटला नाही. स्वच्छ, अखंड, प्रत्येक दात शाबूत असलेल्या माणसाचा. लगेच पुन्हा आली. घाईची होती, घाबरलेली होती.

अंकुशचा हात किल्लीवर थांबला. "ताई... हे तं..."

"भृंगराज आहे गा," वंदना म्हणाली. "या जंगलात उत्तर द्याचं नाही. सरच म्हणतात न?"

अंकुशने आरशातून सुरुचीकडे पाहिलं. सुरुचीने डोळे मिटून घेतले. भित्र्या माणसाला काय हवं असतं? कोणीतरी ठामपणे सांगणारं. सर नव्हते, वंदना होती. त्याने गाडी चालू केली.

गाडी वळणावर आली तरी शीळ येत होती. अखंड सूर, पुन्हा अखंड सूर. वंदना पुढे रस्त्याकडे बघत बसली. तिला रडू येईल असं वाटत होतं, पण डोळे कोरडे ठणठणीत होते. तिला चहा हवा होता.

मग मागून, त्या शिळेच्या अगदी लगत, तिला चिकटून, दुसरी आली. लांब सूर, चढता सूर, फूट. ती आता बोलावत नव्हती. दिवसभरात पहिल्यांदाच ती उत्तर देत होती. क्लबचा नियम जितेंद्र एकटाच पाळत होता.

वंदनाने काच वर केली.